जाळीवाल्याला चालतं करताना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू फार वैतागलेली होतीस. तुझ्या उपकेंद्राच्या गावांत तिघं जण हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी (स्टेंट) टाकून आलेत, तिघांच्याही डिस्चार्जच्या कागदावर 'रोज 30 मिनिटे चालणे' लिहिलंय, आणि तिघंही पारावर बसून असतात. तू त्यांना तोच कागद पुन्हा वाचून दाखवतेस. एएनएम म्हणून, म्हणजे गावची नर्स म्हणून, मीही वर्षानुवर्षं तेच केलं. मग माझ्याच घरात जाळी आली.

आमच्या ह्यांना स्टेंट बसला तो सरकारी योजनेतून, पैसे लागले नाहीत. चौथ्या दिवशी नागपूरहून घरी आले आणि शेजाऱ्याला सांगू लागले, "मोटर वाइंडिंग करून आणली, आता पाच वर्षं पाहाचं काम नाही." तुझ्या तिघांच्याही मनात हेच असणार. चालण्याचं नाव काढण्याआधी ही मोटर त्यांच्या डोक्यातून काढ.

मी ठिबकचं सांगते. संत्र्याच्या बागेत एक तोटी क्षारानं चोकली, तेवढी उघडली. पण नळी तीच, पाणी तेच. बाकीच्या तोट्यांत क्षार बसायचा थांबला का? बागवाल्याला एवढं लगेच पटतं. जाळी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची असते. तिनं तेवढी जागा उघडी धरली. बाकी रक्तवाहिन्या होत्या तशाच आहेत. मात्र ठिबकची गोष्ट इथंच थांबव, नाहीतर लगेच विचारतील, "मग चाललं की बाकीचं ब्लॉकेज वाहून जाते का?" नाही जात. जोराच्या पाण्यानं गाळ निघावा तसलं तिथं काही होत नाही.

होतं ते असं. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. आपण झपझप चाललो की रक्त वेगानं वाहतं, अस्तराला त्याची घासण लागते आणि ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्यानं वाहिनी सैलावते, रक्तातल्या चिकट्या पेशी तिला सहजी चिकटत नाहीत. (या वायूचं रक्तवाहिन्यांतलं हे काम शोधणाऱ्यांना 1998 साली नोबेल मिळालं.) आठवडे-महिने रोज चाललं तर अस्तराला ही सवय लागते, सोडलं तर काही आठवड्यांत ती जाते. म्हणून एकादशीला एकदम शेगावला पायदळ निघणाऱ्या जाळीवाल्याला मी आधी अडवते. वारीला जायचं तर त्याआधी तीन महिने रोज चाल आणि डॉक्टरांना विचारून निघ.

जिथं फुगा फुगवून जाळी बसवली, तिथलं अस्तर मात्र खरवडलेलं असतं. ते तारांवरून पुन्हा वाढेपर्यंत गुठळीची भीती असते, म्हणून रक्त पातळ करण्याच्या दोन गोळ्या. कितीही चाललं तरी त्या गोळ्यांची जागा भरून निघत नाही. दात काढायचा म्हणून कुणी परस्पर बंद केल्या तर त्याच दिवशी त्याचं घर गाठ.

माझी भाची फिजिओथेरपी शिकली आहे. तिनं मला 2004 सालचा जर्मनीतल्या लाइपझिगचा अभ्यास समजावून सांगितला. छातीत दुखण्याचा स्थिर त्रास असलेले 101 पुरुष; अर्ध्यांना स्टेंट, अर्ध्यांना रोज 20 मिनिटं व्यायामाची सायकल. वर्षभरानं पाहिलं तर सायकलवाल्यांतले 88 टक्के आणि स्टेंटवाल्यांतले 70 टक्के पुन्हा मोठा त्रास न होता राहिले होते. हे तुझ्यासाठी लिहिलं. गावात सांगू नकोस. "मग जाळी कायले टाकली?" असं घरोघरी सुरू होईल, आणि अ‍ॅटॅक आलेला एखादा माणूस दवाखान्याऐवजी सायकलवर बसेल. तो अभ्यास अ‍ॅटॅकवाल्यांचा नव्हताच.

आता खरी अडचण. आमचे हे म्हणत, "दिवसभर वावरात मरतो मी, अन् तू मले फिराले धाडतं? लोकं हासतीन." याला उलट उत्तर देऊ नकोस, कारण त्यात अर्धं खरं आहे. मी एकदा हिशोब मांडला होता. दीड फुटाच्या ओळी आणि एकेका ओळीनं डवरणी (बैलांच्या डवऱ्यानं पिकातलं तण काढणं) केली तर एका एकराला जवळपास 9 किलोमीटर चालणं होतं. ते चालणं मोजायचंच. पण डवरणी किती दिवस? मग फवारणी येते, त्यात 16 लिटरचा पंप पाठीवर आणि चिखलातून अडखळत पावलं. कापूस वेचणं म्हणजे कंबरेत वाकून, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत. चुंगडी (भरलेलं पोतं) उचलताना माणूस श्वास रोखतो, तेवढ्यात बीपी उसळतं. अंग मोडतं, घाम निघतो, पण हृदय अर्धा तास एका लयीत चालत नाही. आणि वावरात जाणं-येणं गाडीवर! उन्हाळ्यात तर वावरातलं कामही नाही. ह्यांनी सहाव्या दिवशी 45 किलोची युरियाची चुंगडी उचलली होती. मनगटात जिथून नळी घातली होती तिथं निळं-काळं होऊन सुजलं, आणि मी आठ दिवस बोलले नाही.

शेवटी ह्यांना चालवलं ते रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी. रात्री रोही तुरीत शिरायचे. मी म्हटलं, पहाटे धुऱ्यानं (बांधानं) फेरा मारून पाहत जा, कुठून शिरतात ते. आमच्या चार एकराला एक फेरा साधारण 500 मीटर. आधी एक फेरा, दहा दिवसांनी दोन, पुढं चार. रोही पाहायला जाणाऱ्याला कोण हसणार? तुझ्या तिघांना असंच एकेक काम शोधून दे. त्यांतल्या बाईचं जास्त अवघड, बाईमाणूस रिकाम्या हातानं रस्त्यानं चाललं की गाव विचारतं. तिला आशाताईसोबत जोडून दे, किंवा संध्याकाळी हरिपाठाला लांबच्या रस्त्यानं जाऊ दे.

किती, ते तुला ठाऊक आहे: सपाट रस्त्यावर 5-10 मिनिटांपासून सुरुवात, हळूहळू वाढवत आठवड्याला 150 मिनिटं. अ‍ॅटॅक येऊन गेलेल्याचा आणि हृदय कमजोर असलेल्याचा वेग आधी डॉक्टरांकडून ठरवून घे. नाडी मोजायला लावू नकोस. यांच्या गोळ्यांत नाडी मंद ठेवणारी एक गोळी बहुतेक असतेच, आकडा फसवतो. चालताना बोलता यावं पण अभंग म्हणता येऊ नये, एवढी खूण पुरते. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, गरगरणं, यातलं काहीही झालं की तिथंच बसायचं. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर ती बसूनच घ्यायची, उभ्यानं घेतली तर बीपी उतरून माणूस पडतो. आणि 108 ला फोन. मोटरसायकलीवर मधे बसवून नेण्याची आपल्याकडची पद्धत मला अजिबात पसंत नाही.

मे महिन्यात सकाळी सहाच्या आत परत यायचं. लघवीची गोळी चालू असेल तर घाम आणि गोळी मिळून चक्कर आणतात, तेव्हा डोसाचं डॉक्टरांशी बोल. पौषातल्या थंडीत उलट, ऊन पडू द्यायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आणि साप, म्हणून शाळेचा व्हरांडा मागून घे.

खर्ऱ्यावर (तंबाखू-सुपारीच्या घोट्यावर) मी हरले, हे कबूल करते. ह्यांनी चालणं धरलं, खर्रा सुटायला आणखी दोन वर्षं गेली. तरी हातात खर्ऱ्याची पन्नी घेऊन चालणारा दिसला की टोकत जा.

संक्रांतीला येशील तेव्हा तिघांचे फेरे किती झाले ते सांग. आणि तालुक्याला जाशील तेव्हा बीपी मशीनचा मोठ्या मापाचा पट्टा मागून आण. त्या ट्रॅक्टरवाल्याचा दंड जाड आहे म्हणालीस, लहान पट्ट्यानं त्याचं बीपी उगाच जास्त दिसत असेल.

तुझी,
सिस्टरबाई