वरून कितवं पान?

तुझं पत्र मिळालं. नाव छापू नका असं बजावलं आहेस, म्हणून वाचणाऱ्यांसाठी इतकंच सांगते, की तू रावेर तालुक्यातली. घरची केळीची शेती. बारावी सायन्स, पुण्यात क्लासजवळच्या हॉस्टेलवर राहून नीटची तयारी चालू आहे. सराव परीक्षेत बायोलॉजी चांगलं जातं, फिजिक्स मागे ओढतं. सल्ला विचारण्याआधी आपल्या आवडीच्या दहा गोष्टी लिहून पाठवा, असं मी मागच्या महिन्यात सगळ्यांना सांगितलं होतं. तू दहा लिहायला बसलीस आणि चार पानं भरली. त्यात करिअरचं काहीच आलं नाही, सगळं घरचंच आलं, म्हणून माफीही मागितलीस. आणि शेवटी विचारलंस, "मॅडम, इतकं घर आठवतं म्हणजे मी चुकीच्या ठिकाणी आलेय का? परत जाऊ का? फॉर्म कशाकशाचे भरू?"

माफी कसली मागतेस! ती चार पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

पहिल्या वाचनात मी नुसती तुझ्या गावात फिरून आले. थंडीत शेतात होणारी भरीत पार्टी, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात भाजलेली ती हिरवी-पांढरी वांगी, आणि साल काढताना बोटं पोळली तरी कुणाला न सांगणारी तू. सोबत कळण्याची पुरी. उन्हाळ्यात गच्चीवर आईनं घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि ते घालण्याआधी वाटीत तेल टाकून खाल्लेलं गरम पीठ. यंदा श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट चुकले, हे तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस, पण त्या ओळीपाशी शाई फुटलेली दिसते. सावद्याच्या स्टेशनात दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या वॅगन भरताना काकांच्या खांद्यावर बसून पाहिलेली गर्दी. उत्तरेला सातपुडा आणि पाऊस त्याच्यावरून खाली उतरताना येणारा वास. हे सगळं तुझं आहे, ते कुठल्याही फॉर्मच्या रकान्यात बसवायची गरज नाही.

दुसऱ्यांदा वाचताना मी एक गोष्ट शोधत होते. कुणी सांगितलं नाही, शाबासकी मिळाली नाही, मार्क मिळणार नव्हते, तरी तू आपण होऊन काय करत होतीस? भरीत तू खाल्लंस, बिबडे आईनं केले, वॅगन तू पाहिल्यास. त्या आठवणी सुखाच्या, पण त्यात तू पाहुणी आहेस. तिसऱ्या पानावर मात्र असं लिहिलं आहेस: "पप्पांसोबत बागेत गेले की मी प्रत्येक खोडापाशी थांबून वरून पानं मोजायची. करप्याचा डाग वरून कितव्या पानावर सुरू झाला ते सांगायची. पप्पा हसायचे, म्हणायचे, मोजून काय करप्या जाणार आहे का? पण मला कळायचं की या आठवड्यात डाग एक पान वर सरकलाय."

इथं मी पेन्सिल खाली ठेवली.

तू जे करत होतीस, ते जगभरातले केळीचे शास्त्रज्ञ करतात. तुमच्याकडे ज्याला नुसता करपा म्हणतात तो सिगाटोका. एका बुरशीमुळे होतो, आणि नाव पडलं फिजी बेटांवरच्या सिगाटोका खोऱ्यावरून. बागेत तो किती चढला आहे हे मोजायची एक सर्वमान्य पद्धत आहे. नुकतंच पूर्ण उघडलेलं पान पहिलं धरायचं, तिथून खाली मोजत यायचं, आणि पूर्ण वाढलेले, मध्ये वाळलेले निदान दहा डाग ज्या पानावर पहिल्यांदा दिसतात त्याचा नंबर लिहायचा. इंग्रजीत याला यंगेस्ट लीफ स्पॉटेड म्हणतात. नंबर जितका मोठा, तितकी झाडावर निरोगी पानं जास्त. आणि निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, वेळी किती हिरवी पानं शिल्लक आहेत यावर घड किती भरणार हे ठरतं, हे तुझ्या पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुला ही पद्धत कुणी शिकवली नव्हती. रोज बघून बघून ती तुझी तूच शोधलीस. सतरा वर्षांच्या मुलीनं हे करावं याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिणं मला जमणार नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. घर आठवतं याचा अर्थ तू चुकीच्या ठिकाणी आलीस असा होत नाही. मेसचं जेवण, सहा बाय दहाची खोली, दर रविवारी टेस्ट, अशा दिवसांत घर आठवणारच. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी किनारपट्टीवरचा एक मुलगा आला होता. त्याच्या यादीत समुद्रच समुद्र. त्याचं घरासाठी झुरणं आणि आवड आम्ही दोघांनी एकच समजलं आणि त्यानं मत्स्यविज्ञानाला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी त्याच्या लक्षात आलं, की त्याला माशांमध्ये रस नव्हताच. त्याला आजोबांसोबत किनाऱ्यावर बसलेल्या संध्याकाळी हव्या होत्या. त्याला सल्ला देताना मी घाई केली होती, ते मला आजही टोचतं. म्हणून तुझ्या बाबतीत दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवते. घरी परत जायचं का, हा निर्णय या महिन्यात नको. वर्ष अर्धं सरलं आहे, बारावीचा अभ्यास गावात बसूनही तोच आहे. पण झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, वर्गात बसल्या बसल्या रडू येत असेल, तर तो वेगळा विषय आहे. मग दिवाळीची वाट न बघता आईला फोन कर. सरकारची टेलि-मानस ही मोफत मदतवाहिनीही आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलता येतं.

पप्पांचं एक वाक्य तू लिहिलं आहेस: "पोरी, तू पुन्हा केळीत येऊ नको." ते वाचून तुला वाटलं, की केळीवर प्रेम करणं म्हणजे पप्पांच्या कष्टांवर पाणी सोडणं. मला ते वाक्य वेगळं ऐकू येतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत केळीला चरका लागतो. मे-जूनच्या वादळात घडासकट खोडं आडवी होतात, शेवरीचं कुंपण लावूनही. सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तेव्हा कोवळी रोपं उपटून बांधावर टाकावी लागली, हे तुझ्याच पत्रात आहे. आणि इतकं करून भाव व्यापाऱ्याच्या हातात. या बिनभरवशाच्या कमाईतून तुला बाहेर काढायचं आहे त्यांना. झाडांपासून तोडायचं असतं, तर त्यांनी बागेत प्रत्येक खोडापाशी तुझ्यासाठी थांबून वाट पाहिली नसती. वनस्पतींचे रोग अभ्यासणाऱ्या माणसाचा पगार वादळानं आडवा होत नाही, हे त्यांच्याशी बोल. शांतपणे, फोनवर नको, समोर बसून.

फॉर्मचं सांगते. नीटची तयारी सोडू नकोस, इतक्या मेहनतीनंतर ती परीक्षा देच. पण एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीबी गटाचा फॉर्म सुटला की तोही भर. त्या गुणांवर राज्यातल्या कृषी महाविद्यालयांत बी.एस्सी. (ऑनर्स) ॲग्रिकल्चर आणि हॉर्टिकल्चरचे प्रवेश होतात, अभ्यासक्रम चार वर्षांचा. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. खानदेश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे येतो. त्यांचं कृषी महाविद्यालय धुळ्याला आहे आणि केळी संशोधन केंद्र तुझ्याच जळगावात. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातल्या जागांसाठी सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तोही फॉर्म बघून ठेव.

पदवीनंतर वनस्पती रोगशास्त्रात एम.एस्सी. आणि पुढं पीएच.डी. करता येते. केळीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला आहे, १९९३ पासूनचं. तिथं लोक दिवसभर हेच करतात, पानं मोजणं, डागांचे नमुने घेणं, कोणत्या जातीवर करपा हळू चढतो ते पाहणं. संशोधनात मन रमलं नाही तर एमपीएससीची कृषी सेवा आहे, बँकांमध्ये कृषी अधिकारी घेतात, टिश्यू कल्चरची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. ही यादी पप्पांपुढं ठेव. त्यांना पगाराचा आकडा लागेल, तो त्या त्या जाहिरातीत असतो, दोन-चार जाहिराती कापून सोबत ने.

आणि डॉक्टरच व्हायचं ठरलं, नीटला चांगले मार्क पडले, तर आनंदानं जा. बारीक डाग दिसणं आणि आठवड्याच्या फरकानं तो सरकलेला लक्षात राहणं हे त्वचारोगाच्या ओपीडीतही लागतं. माझा कल कुठं आहे हे तुला कळलंच असेल, मी लपवत नाही. पण जगणार तू आहेस.

चौथ्या पानावरच्या आजीबद्दल मला थोडं बोलायचंच आहे, करिअरशी संबंध असो वा नसो. आजी केळीला "केयी" म्हणते, डोळ्याला "डोया". तूही घरी तसंच बोलतेस, आणि हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मुली हसल्या म्हणून आता "ळ" जपून उच्चारतेस. घरी फोन करतानासुद्धा. हे वाचून माझा जीव कळवळला. "ळ"च्या जागी "य" येणं हा तुमच्या लेवा बोलीचा नियम आहे, खानदेशात आणि वऱ्हाडातही तो सापडतो. नियमानं चालणारी गोष्ट चूक नसते. तू राहतेस त्याच पुण्यात, येरवड्याला, डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या भाषाविज्ञानाच्या लोकांनी राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन तुझ्या आजीसारख्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ते सगळ्यांना ऐकता येईल असं नेटवर ठेवलं. एखाद्या रविवारी टेस्ट संपल्यावर ऐक. आजीचे शब्द तू वहीच्या मागच्या पानांवर लिहितेस ना? ते थांबवू नकोस. शब्दासमोर तो कुणी, कधी, कशाबद्दल बोलताना वापरला तेही लिही. आणि आईशी फोनवर "केयी"च म्हण.

हॉस्टेलवर काही साध्या गोष्टी कर. दिवाळीहून येताना बिबडे डबाभर आण आणि एकटीनं खाऊ नकोस, हसलेल्या मुलींनाही दे. रोज रात्री फोन करून मग रडत झोपण्यापेक्षा दिवसाआड संध्याकाळी कर, बोलून झाल्यावर अभ्यासाला बसता येईल अशा वेळी. फिजिक्ससाठी क्लासच्या सरांना थेट सांग, की गणिताचा पाया कुठं कच्चा आहे. ते लपवलंस तर सराव परीक्षांनी काही सुधारणार नाही.

दिवाळीत मात्र माझं एक काम कर. कृषी विज्ञान केंद्र तुमच्याच तालुक्यात पालला आहे, पप्पांना घेऊन एक दिवस तिथं जा आणि रोगांचं काम बघणाऱ्या माणसाशी बोल. त्याआधी मृगबागेत, म्हणजे जूनच्या लागवडीत, वीस झाडं निवड. सगळी बांधाजवळची नको, काही आतलीही घे. प्रत्येकाचं वरून मोजत ये, दहा डागांचं पहिलं पान कितवं ते लिही. आधी पप्पांना नुसतं बघून अंदाज सांगू दे, मग तू मोज. दोघांचे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत लिही आणि तो कागद मला पाठव.