ईएससीचे प्रोग्रॅमिंग करण्यापूर्वी
ईएससीला (मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाला) हात लावण्याआधी रिमोटवर उडणाऱ्या हेलिकॉप्टरची मुख्य पाती उतरवा आणि मोटरचे पिनियन (दांड्यावरचे लहान दातेरी चाक) मुख्य गिअरपासून सुटे करा. मोटर अचानक फिरली, तर पाते बोट आणि पेन्सिल यांत फरक करत नाही. मग रिमोटमधील थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या कोणत्या स्थितीला मोटरला किती शक्ती मिळेल हे ठरवणारी रेषा) ० ते १०० असा सरळ ठेवून, स्टिक पूर्ण वर नेऊन बॅटरी जोडा आणि बीप मोजत पुढे जा. बीपचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असल्याने माहितीपत्रक शेजारी उघडे असू द्या. ब्रेक बंद, सॉफ्ट स्टार्ट (मोटरची हळूहळू सुरुवात) चालू.

व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर ईएससीने शक्ती कशी आणि केव्हा तोडायची ही सेटिंग, मात्र विचारपूर्वक निवडा. मोटर बंद पडली तरी विमान तरंगत उतरते, पण हेलिकॉप्टरची शक्ती हवेत एकदम तुटली, तर नवशिक्याला ते सावरत नाही. म्हणून शक्ती हळूहळू कमी करणारा पर्याय घ्या आणि मर्यादा बॅटरीच्या प्रत्येक सेलला ३.२ व्होल्टच्या आसपास ठेवा. माझे पहिले हेलिकॉप्टर याच चुकीपायी उभ्या ज्वारीत पडले आणि शेपटीची तुटलेली दांडी शोधण्यात अर्धा तास गेला.

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टायमिंग (मोटरच्या गुंडाळ्यांना प्रवाह किती आधी द्यायचा ही ईएससीची सेटिंग) वाढवण्याचा मोह टाळा. पहिल्या दोन मिनिटांनंतर उतरवून, बॅटरी काढून ईएससीला बोट लावून पाहा. बोट टेकवत नसेल, तर लहान पिनियन लावा.