खरा आंबा का खोटा?

लेकुरवाळ्या घरातले प्रश्न : उत्तरं देतात अक्का, परभणी जिल्ह्यातल्या निवृत्त अंगणवाडी मुख्यसेविका

प्रश्न : अक्का, सा. न. माझी मुलगी दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. दूध-बिस्कीट, तूप-भात आणि मुरमुरे, एवढ्यावरच तिचं सगळं चालतं. भाजी दिसली की तोंड फिरवते. मग मी काहीबाही सांगून भरवते. दोडक्याला लांब बटाटा म्हणते. गंगाफळ शिजवून, गूळ घालून घोटते आणि 'आंबा आहे' म्हणून चारते. खाते बिचारी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला सांगतात की जेवली नाहीस तर दवाखान्यातली बाई सुई टोचते. मागच्या आठवड्यात घरात पहिला केसर आंबा आला. मी फोड पुढे केली, तर तिनं हात मागे घेतला आणि विचारलं, "आई, हा खरा का खोटा?" त्या रात्री मला झोप लागली नाही. पोटात चार घास जावेत म्हणून बोललेलं खोटं एवढं वाईट असतं का? अंगणवाडीत तीन महिन्यांपूर्वी तिचं वजन 11 किलो 400 ग्रॅम भरलं होतं, आता 11 किलो 900 आहे. आत्या म्हणतात, पोर वाळली.
– एक आई, उदगीर

उत्तर : लेकी, आधी वजनाचं बोलते, कारण सगळ्या खोट्याचं मूळ तिथंच आहे. तीन महिन्यांत अर्धा किलो वाढलेलं लेकरू वाळलेलं नसतं. जन्मताना तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईस्तोवर नऊ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. पुढच्या अख्ख्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं, आणि तिसऱ्या वर्षी त्याहून थोडं कमी. वाढ हळू झाली की भूकही हळू होते. आपल्या डोळ्यांपुढं मात्र ते दहा महिन्यांचं, दिसेल ते तोंडात घालणारं बाळ असतं, म्हणून आपल्याला वाटतं की पोरीचं खाणं तुटलं. त्यातच दीड-दोन वर्षांपासून लेकरं नव्या पदार्थाला बिचकायला लागतात. चालता यायला लागलेलं लेकरू दिसेल ते पान चावत सुटलं तर काय होईल, विचार कर. हे बिचकणं त्याच्या राखणीचं आहे. आईच्या हाताला चव नाही असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

आता खोट्याचं. तीस वर्षं गावोगावच्या अंगणवाड्यांत लेकरांना जेवताना पाहून माझं मत पक्कं झालंय. सगळं खोटं एका तराजूत घालता येत नाही.

'हा घास काऊचा, हा घास चिऊचा.' माझ्या आईनं मला असंच भरवलं, तुझ्या आईनं तुला. काऊ लिंबावर बसलेला असतो आणि घास जातो लेकराच्या तोंडात. काऊनं काही खाल्लं नाही हे लेकराला पुरतं ठाऊक असतं, म्हणून तर ते हसतं. दीड वर्षाचं लेकरू रिकाम्या वाटीतून खोटा चहा पितं आणि आपल्यालाही पाजतं. तो खेळ त्याचाही असतो, आपलाही. यात कुणी फसत नाही. आत्यांना हेच काम दे. सुईचं नाव काढू नका असं तोंडावर म्हणशील तर घरात कुरकुर होईल. "आत्या, काऊ-चिऊ तुम्हीच करा, तुमच्या हातनं ती दोन घास जास्तीचे घेते," असं म्हण.

सुईची भीती मात्र बंद झालीच पाहिजे, आणि हे मी कळवळून सांगते. दर सहा महिन्यांनी आम्ही लेकरांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजायचो. नवव्या महिन्यात 1 लाख युनिटचा पहिला डोस, मग 2 लाखांचा, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. चमच्यातलं पिवळं औषध, सुई नाही की काही नाही. तरी लेकरं दात आवळून बसायची, दाराच्या चौकटीला धरून आक्रोश करायची. विचारलं की आजी सांगायची, "जेवत नव्हता म्हणून म्या तुमचं नाव सांगितलं बाई." जे औषध त्याच्या डोळ्यांसाठी होतं, ते पाजायला आम्हाला दोघींनी धरावं लागायचं. भीतीनं पोटात गेलेल्या चार घासांची केवढी ही किंमत!

तुझं आंब्याचं खोटं या दोन्हींच्या मधलं आहे. ते तुला माहीत होतं आणि तिला नव्हतं. ते कशानं बाधतं, हे मला माझ्या घरात कळलं. 1986 सालची गोष्ट. आम्ही मानवतला राहत होतो. माझा मुलगा तीन वर्षांचा होता आणि त्याला हिवताप आला. गोळी अतिशय कडू, दोनदा ओकून टाकली. मी ती कुटून शिऱ्यात कालवली आणि म्हटलं, "बघ, तुझ्यासाठी शिरा केला." शिरा त्याच्या फार आवडीचा. त्यानं मोठा घास घेतला आणि माझ्याकडं पाहिलं. रडला नाही, नुसतं पाहिलं. पुढं कितीतरी महिने तो पोळी उलगडून आत काय आहे ते बघायचा. आज त्यानं चाळिशी ओलांडली, घरात शिरा झाला की ताट सरकवतो. गोळी देणं भागच होतं. पण "हे कडू आहे, तुझा ताप याच्यानं जाईल, वरून गुळाचा खडा देते" असं सांगून दिली असती तर शिरा तरी त्याचा त्याला राहिला असता.

तुझ्या लेकीचा आंबा अजून गेलेला नाही. तिनं विचारलं, म्हणजे तुझ्या उत्तरावर तिचा भरवसा आहे. एक आख्खं गंगाफळ आण. तिच्यापुढं चिरून तिला बिया काढू दे, हात बरबटू दे. शेजारी आंब्याची फोड ठेव. "ते आधीचं हे होतं. गंगाफळ. मी आंबा म्हटलं, ते चुकलं माझं," एवढं सांग. जास्त समजावत बसू नकोस. दोन्ही हुंगू दे, चाटू दे. पटलं तर त्याच गंगाफळाचे घारगे कर आणि पुऱ्या थापायला तिला घे. नाव तिलाच ठेवू दे. ती 'आंबाफळ' म्हणाली तर तूही आंबाफळ म्हण, आता तो खेळ झाला. दोन्हींचा पिवळा-केशरी रंग बराचसा एकाच गोष्टीचा असतो. तिला म्हणतात बीटा कॅरोटीन, आणि शरीर त्यातूनच 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. नुसतं नाव खरं सांगितलं असतं तरी पोटात तेच गेलं असतं.

तू लिहिलं नाहीस, पण घरोघरी चालणारं आणखी एक खोटं आहे : 'गाजर खा, अंधारात दिसतं.' दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचे वैमानिक रात्री जर्मन विमानं पाडत होते ती विमानात बसवलेल्या रडारच्या जोरावर. ते झाकायला, आमचे वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना रात्री दिसतं, असं पसरवलं गेलं. जॉन कनिंगहॅम नावाच्या वैमानिकाला तर 'मांजरडोळ्या' असं नाव पडलं. यात खरं एवढंच की 'अ' जीवनसत्त्व फार कमी पडलं तर रातांधळेपणा येतो. ज्याला ते पुरेसं मिळतं, त्याला गाजरानं जास्त दिसत नाही. आणि 'हे खा, ताकद येईल' याचा उपयोगही उलटाच होतो. अमेरिकेत 2014 साली छापून आलेल्या एका अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काही खायला दिलं. ज्यांना 'यानं ताकद येते' असं सांगितलं त्यांनी कमी खाल्लं, ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांनी जास्त. औषधासारखं काही पुढं आलं की चव गेलीच, असं लेकरू धरून चालतं.

मग करायचं काय? दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर नको. जेवणाआधी दोन तास दूध, बिस्कीट, मुरमुरे काही नको. आणि चहा तर अजिबात नको. आपल्याकडं बशीतल्या चहात टोस्ट बुडवून सर्रास देतात. चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही आणि भूकही मरते. तिचा तूप-भात तोडू नकोस. तो ताटात राहू दे, शेजारी चमचाभर दोडका ठेव, दोडका म्हणूनच. खाल्ला नाही तरी चेहरा पाडू नकोस. तोच दोडका दहा-पंधरा वेळा ताटात आला की बरीच लेकरं एकदा तरी बोट लावतात, मग चाटतात. आपण चौथ्या वेळी दमतो आणि 'हिला आवडत नाही' असा शिक्का मारून मोकळे होतो. ताकातल्या कण्या, वरणात चुरलेली भाकरी, हुलग्याचं माडगं, हे सगळं तुमच्या ताटात असताना तिला शेजारी बसकर टाकून बसव. काय वाढायचं आणि कधी, ते तू ठरव. किती खायचं ते तिच्या पोटाला ठरवू दे. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचल, बोलणी नकोत. शेंगदाणे अख्खे देऊ नकोस, घशात अडकतात. कूट करून घाल.

वजन दोन-तीन महिने जागचं हललं नाही किंवा घटलं, नखं-ओठ पांढुरके दिसले, लेकरू माती किंवा भिंतीचे पोपडे खायला लागलं, आधी खात होतं तेही एकेक करून सोडायला लागलं, किंवा घास गिळताना ठसकतं, तर मात्र घरात उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत दंडाला लावायची पट्टी असते. साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल. तीही एकदा आत्यांच्या देखत लावून घे. हिरवा रंग आत्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला बरा.

प्रश्न : पालक, तांदुळजा बारीक चिरून धपाट्यात घालते. मुलगा विचारत नाही, मी सांगत नाही. हेही खोटंच का?
– केज, जि. बीड

उत्तर : नाही बाई. धपाट्यात पाला घालणं आपल्या आज्यांपासून चालत आलंय. फक्त त्यानं बोट लावून "हे हिरवं काय?" विचारलं तर "काही नाही" म्हणू नका, "तांदुळजा" म्हणा. आणि अधूनमधून पानात तांदुळज्याची भाजी उघडी वाढत जा. पिठात लपलेल्या भाजीची ओळख होत नाही, पुढं ती वेगळी दिसली की लेकरू पुन्हा पहिल्यासारखं बिचकतं.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा. मोबाइल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नाही. सून म्हणते, 'चार्जिंग संपलं' म्हणून सांगा.
– एक आजोबा, जिंतूर

उत्तर : दादा, चार्जिंग संपलं म्हणाल तर तो चार्जर घेऊन येईल. आजकालच्या लेकरांना तेवढं कळतं. "जेवताना मोबाइल नाही," असं सरळ सांगा आणि त्या वेळी तुमचा, सुनेचा, मुलाचा, सगळ्यांचे फोन आतल्या खोलीत ठेवा. चार-पाच दिवस तो रडेल, कमी खाईल. त्यानं काही बिघडत नाही. त्याला ताटली घेऊन बाहेर वट्ट्यावर बसवा, तुम्हीही तिथंच भाकरी खा. गल्लीतली शेळी, पाण्याचा टँकर, शाळेतून येणारी पोरं, त्याला बघायला पुष्कळ आहे.