रक्ताच्या उपचारात शौचाचा नमुना कशासाठी?

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या धाकट्या भावाला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग झाला असून, केमोथेरपीनंतर आता मुंबईत त्याचे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जा रोपण, ठरले आहे. माझ्या पेशी त्याच्याशी जुळल्यामुळे दाता मीच आहे. तपासण्यांच्या वेळी त्याच्या शौचाचे नमुने संशोधनासाठी मागितले गेले, रोपणाआधी एकदा आणि नंतर दर आठवड्याला. आजार रक्ताचा, मग शौचाचा संबंध काय, हे विचारायचे गर्दीत राहून गेले. आमची आई त्याला रोज सकाळी रात्रीच्या भातात ताक कालवून देते आणि रुग्णालयातही तेच द्यायचे म्हणते. ते योग्य आहे का? दाता म्हणून माझ्या आहाराचा त्याच्यावर परिणाम होईल का?
— एक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचा भार तुम्ही मनावर घेतलेला दिसतो. तुमच्या रक्तातून किंवा अस्थिमज्जेतून रक्त तयार करणाऱ्या ज्या मूलपेशी काढल्या जातील, त्यांच्याबरोबर तुमच्या आतड्यातील जिवाणू भावाच्या शरीरात जात नाहीत. तुम्ही नेहमीचे जेवण घ्या, पुरेशी झोप घ्या आणि स्वतःच्या मनाने कोणतेही औषध घेऊ नका. या काळात महत्त्वाचे ठरते ते भावाचे स्वतःचे आतडे.

निरोगी माणसाच्या आतड्यात शेकडो जातींचे जिवाणू एकत्र नांदतात. आपल्याकडचे आगर डोळ्यांसमोर आणा. माडाखाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, मधे केळी, कडेला जायफळ, असे सगळे एकमेकांच्या सावलीत वाढते आणि परक्या झाडाला मुळे धरायला जागा सापडत नाही. आतड्यातील काही जिवाणू आपण पचवू न शकलेला चोथा आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः त्याच इंधनावर जगतात. रोपणाआधी दिली जाणारी तीव्र केमोथेरपी अस्थिमज्जेबरोबर या अस्तरालाही दुखापत करते. तोंड आल्यामुळे जेवण तुटते आणि पांढऱ्या पेशी शून्याजवळ असताना ताप आला की प्रभावी अँटिबायोटिक द्यावीच लागतात. दोन-तीन आठवड्यांत आगर उजाड होते आणि मोकळ्या जागेत रानमोडी माजावी तसा एखादाच जिवाणू, बहुधा एंटरोकॉकस, सगळीकडे पसरतो. अस्तर सैल झालेले असल्याने तो रक्तात उतरू शकतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, ज्यांच्या आतड्यात एंटरोकॉकसचे असे वर्चस्व झाले, त्यांच्या रक्तात व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा एंटरोकॉकस शिरण्याचा धोका सुमारे नऊपट होता.

दुसरा धोका दात्याच्या पेशींकडूनच येतो. तुमच्या पेशी कर्करोगाच्या उरल्यासुरल्या पेशींना शोधून मारतील, हाच या उपचाराचा मोठा फायदा आहे. पण त्याच पेशी कधीकधी भावाच्या त्वचेला, यकृताला आणि आतड्यालाही परके समजून त्यांच्यावर हल्ला करतात. डॉक्टर त्याला जीव्हीएचडी म्हणतात. आतड्याचा जीव्हीएचडी हा त्यांतला सर्वांत अवघड प्रकार, आणि तो भडकण्यात जिवाणूंचा वाटा असतो.

या विषयाचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधील व्हॅन बेक्कम यांच्या प्रयोगशाळेत असे दिसले की, जन्मापासून जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांना रोपणानंतर हा विकार कमी होतो. त्यावरून रुग्णाचे आतडे अँटिबायोटिकने पूर्ण निर्जंतुक करण्याचे प्रयत्न अनेक केंद्रांनी केले. परंतु माणसाचे आतडे काचपेटीतल्या उंदरासारखे निर्जंतुक राहत नाही. राहते ती अर्धवट साफ झालेली जागा, आणि तिथे नको ते रुजते. जिवाणूंची जनुके वाचण्याचे तंत्र स्वस्त झाल्यावर चित्र पालटले. २०१४ मधील ८० रुग्णांच्या अभ्यासात, दात्याच्या पेशी रुजण्याच्या सुमारास ज्यांच्या आतड्यात जिवाणूंचे वैविध्य सर्वांत कमी होते, त्यांच्यापैकी तीन वर्षांनंतर ३६ टक्के हयात होते. मध्यम गटात हे प्रमाण ६० टक्के आणि भरपूर वैविध्य असलेल्या गटात ६७ टक्के होते. पुढे न्यूयॉर्क, अमेरिकेतीलच डरॅम, जर्मनीतील रेगेन्सबुर्ग आणि जपानमधील सप्पोरो या चार केंद्रांनी मिळून १,३६२ रुग्णांचे आठ हजारांहून अधिक नमुने तपासले आणि २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चारही ठिकाणचा आहार वेगळा आणि औषधांच्या पद्धती वेगळ्या, तरी वैविध्य घटण्याची रीत सारखी होती आणि जास्त वैविध्य असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते.

येथे एक सावधगिरी हवी. जो रुग्ण जास्त आजारी, त्याला अँटिबायोटिक जास्त लागतात, त्याचे जेवणही जास्त सुटते. म्हणून वैविध्य कमी होणे हे मृत्यूचे कारण आहे की बिकट अवस्थेची खूण, हे केवळ अशा निरीक्षणातून ठरत नाही. उंदरांवरील प्रयोगांमुळे ते काही अंशी कारणही असावे, असे मानायला आधार मिळतो. पण भावाच्या नमुन्यात वैविध्य कमी आढळले, तर त्याचे भवितव्य ठरले, असा अर्थ कृपया काढू नका.

नमुने मात्र अवश्य द्या, ही माझी विनंती आहे. त्या चार केंद्रांत भारतातील एकही नव्हते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये आपल्या देशातले पहिले अस्थिमज्जा रोपण झाले, तेव्हापासून येथे हजारो रुग्णांवर हा उपचार झाला आहे. तरीही भात, नाचणी आणि मासळीवर वाढलेल्या आतड्याचे या काळात काय होते, याची माहिती परदेशी रुग्णांच्या मानाने अगदी थोडी आहे. ती तुमच्या भावासारख्यांच्या नमुन्यांतूनच मिळणार आहे.

आता आईंच्या ताक-भाताविषयी. पोटाकडे लक्ष देण्याची त्यांची दृष्टी योग्य आहे, पण तो पदार्थ या काळापुरता थांबवावा लागेल. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस हा जिवाणू वाढतो आणि त्याचे बीजाणू शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. घरी विरजलेल्या ताकात नेमके कोणते जिवाणू आहेत, हे कुणालाच ठाऊक नसते. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, पण पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. त्याऐवजी उकड्या तांदळाची ताजी, गरम पेज द्यावी. तोंड आलेले असताना जे थोडे गिळवते त्यांत पेज येते, आणि तोंडावाटे जाणारे चार चमचेही आतड्यासाठी मोलाचे असतात. रोपण झालेल्या मुलांवरील अभ्यासात, ज्यांना नाकातील नळीने पोटात अन्न दिले, त्यांचे जिवाणू शिरेतून पोषण घेणाऱ्या मुलांपेक्षा चांगले सावरले. कोकम आणि आगळ मात्र तोंडातील व्रण भरेपर्यंत दूर ठेवा, कारण ते झोंबतात. फळे, भाज्या सगळ्याच बंद कराव्यात, असा जुना दंडक आता सैल होत आहे. इटलीतील २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, स्वच्छतेचे नियम पाळून मोकळा आहार घेणाऱ्यांना कडक पथ्यवाल्यांपेक्षा जास्त जंतुसंसर्ग झाला नाही. तरीही वॉर्डाचा आहारतज्ज्ञ जे सांगेल तेच अंतिम माना; घरून डबा नेताना त्यात काय आहे, ते लपवू नका.

प्रश्न : माझ्या पुतणीचे रोपण झाले आहे. औषधाच्या दुकानात चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल मिळतात, त्या तिला द्याव्यात का? निरोगी माणसाच्या मळातून जिवाणू देण्याचा उपचारही निघाला आहे म्हणे. तो आपल्याकडे करून घेता येईल का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांत एक-दोन किंवा फार तर डझनभर जाती असतात, त्यातून हरवलेले वैविध्य परत येत नाही. उलट प्रतिकारशक्ती क्षीण असताना हेच जिवाणू रक्तात उतरल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. शिवाय २०१८ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, अँटिबायोटिकनंतर घेतलेल्या अशा कॅप्सूलमुळे मूळचे जिवाणू परतायला उलट उशीर झाला.

मळातून जिवाणू देण्याचा उपचार संशोधनात आशादायक आहे. न्यूयॉर्कमध्ये रुग्णाचाच मळ रोपणाआधी गोठवून ठेवला आणि नंतर त्यालाच परत दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २५ रुग्णांच्या या चाचणीत, ज्यांना तो दिला त्यांचे वैविध्य पूर्वपदावर येऊ लागले. परंतु २०१९ मध्ये अमेरिकेत, दात्याच्या मळापासून केलेल्या कॅप्सूलमधून औषधांना दाद न देणारा ई. कोलाय दोन रुग्णांच्या रक्तात गेला आणि त्यांतला एक दगावला. दगावलेल्या रुग्णाचे मूलपेशी रोपण झालेले होते. दात्याच्या त्या मळाची अशा जिवाणूसाठी तपासणी झालेली नव्हती. म्हणून हा उपचार मान्यताप्राप्त चाचणीत, पूर्ण तपासणीनिशीच व्हावा. जाहिरात पाहून कुणाकडे जाऊ नका.

प्रश्न : यजमानांना मायलोमा हा रक्ताचा कर्करोग होता. त्यांचे स्वतःच्याच पेशींचे रोपण होऊन आम्ही दोन महिन्यांपूर्वी मालवणला परतलो. अँटिबायोटिकने पोटातले चांगले जिवाणू मरतात, असे कुठेतरी वाचल्यापासून ते ताप आला तरी गोळी नको म्हणतात. मासळी सुरू करू का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : स्वतःच्याच पेशी असल्याने जीव्हीएचडीची भीती येथे नाही. आतड्यातील वैविध्य मात्र याही रोपणात घटते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे, त्यामुळे आहाराकडे लक्ष हवेच. ताजी, पूर्ण शिजवलेली बांगडा, सुरमई अवश्य द्या. या काळात प्रथिनांची गरज असते. कालवे, तिसऱ्या आणि खुबे मात्र डॉक्टर मोकळीक देईपर्यंत थांबवा, कारण हे प्राणी पाणी गाळून जगतात आणि खाडीतले जंतू त्यांच्यात साठतात. विहिरीचे पाणी उकळून घ्या. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शिजवलेल्या भाज्या यांतून आतड्यातील जिवाणूंना त्यांचे अन्न मिळते. पोटाला झेपेल तसे हळूहळू वाढवा.

तापाबाबत यजमानांना हे वाचून दाखवा. अँटिबायोटिक जिवाणूंचे नुकसान करतात, हे खरे आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ८५७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दात्याच्या पेशी घेतलेल्यांमध्ये पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणि इमिपेनेम या औषधांनंतर जीव्हीएचडीने होणारे मृत्यू जास्त आढळले. त्यावरून डॉक्टरांनी घ्यायचा बोध हा की, शक्य असेल तेथे आतड्याला कमी इजा करणारे औषध निवडावे आणि गरज संपताच थांबवावे. रुग्णाने औषधच नाकारावे, असा त्याचा अर्थ नाही. प्रतिकारशक्ती कमी असताना रक्तात शिरलेला जंतू काही तासांत प्राण घेऊ शकतो. उजाड झालेले आतडे सावरायला आठवडे किंवा महिने लागतात, पण त्यासाठी माणूस हयात असावा लागतो.

घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. रोपण केंद्राला फोन करा आणि त्याच वेळी जवळच्या रुग्णालयाकडे निघा. मालवणहून मुंबई रात्रभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे पहिले इंजेक्शन जवळच मिळायला हवे. यासाठी रोपण केंद्राकडून एक पत्र आत्ताच मागून घ्या. त्यात आजार, रोपणाची तारीख, पूर्वी दिलेली अँटिबायोटिक, औषधांची ॲलर्जी आणि तापात प्रथम कोणते औषध द्यावे, एवढे लिहिलेले असावे. त्याची एक प्रत तुमच्या गावच्या डॉक्टरांकडे आणि एक यजमानांच्या खिशात राहू द्या.