पहाटे चारची कोकीळ आणि एसीमागचं कबुतर

मार्च लागला की माझ्याकडे पक्ष्यांच्या तक्रारी सुरू होतात, यंदाही तेच. चार घेतो, बाकीचे प्रश्न साधारण ह्यातच बसतात.

प्रश्न: एसीच्या आउटडोअर युनिटमागे कबुतरं पाचपासून घुमायला लागतात. प्लास्टिकचं घुबड ठेवलं, सीड्या टांगल्या, काही फरक नाही. (ठाणे)

उत्तर: घुबडाला दोन दिवस बिचकतात, बस. माझ्या मावशीकडे तर तिसऱ्या दिवशी कबुतर त्या घुबडाच्या डोक्यावरच बसलेलं, वर शिटलेलं. अहो, हा मुळात कड्याकपारीतला पक्षी, त्याच्या लेखी तुमची बिल्डिंग म्हणजे कडा आणि एसीमागची वीतभर जागा म्हणजे आयती कपार, त्यामुळे घाबरवत बसण्यापेक्षा ती कपार बंद करा. पण आधी मोबाईलचा टॉर्च मारून आत बघा. चार काड्या आणि दोन पांढरी अंडी असतील तर थांबा, 17-18 दिवसांत पिल्लू बाहेर येतं आणि उडायला अजून महिनाभर लागतो. घाईत जाळी ठोकली तर पिल्लू आत मरतं, मग वास वेगळाच.

जाळी लावताना स्वतः उभे राहा. जाळीवाला पाइपपाशी हमखास फट सोडतो आणि कबुतर नेमकं तिथूनच घुसतं. दुसरं म्हणजे एक बाजू हुकावर काढता-घालता येईल अशी ठेवा, नाहीतर सर्व्हिसिंगला आलेला माणूस जाळी कापून मोकळा होतो, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, तिची धूळ फुफ्फुसात जाते आणि काहींना कायमचा दम लागतो. आधी भिजवा, मास्क लावा, मग खरवडा. आणि खाली कोणी पुण्य म्हणून दाणे टाकत असेल तर जाळीने फक्त तुमची खिडकी सुटेल, कबुतरं शेजारच्यांकडे जातील. दाण्यावरून किती पेटतं ते 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा सगळ्यांनी बघितलंच, तेव्हा सोसायटीत जरा गोडीने बोला.

प्रश्न: कोकिळा पहाटे चारला सुरू होते, झोपेचं खोबरं झालंय. झाड छाटून घेऊ का? (पुणे)

उत्तर: पहिलं म्हणजे ती कोकिळा नाही, तो कोकीळ आहे. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर, कुहू तोच करतो. मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक-किक करते आणि कावळ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळी होते. इलाज विचाराल तर खरं सांगतो, नाहीये. पावसाळा सरता सरता आपोआप गप्प होतो. तोवर खिडकी लावा, पंखा मोठा करा आणि मुलांना शिट्टी मारून उत्तर द्यायला देऊ नका, त्याला वाटतं दुसरा नर आला, मग अजून चढ्या आवाजात. झाडाला परवानगीशिवाय हात लावू नका, 1975 चा वृक्ष कायदा आहे, आणि तो बाजूच्या झाडावर बसून ओरडेलच की.

प्रश्न: रात्री गच्चीवर टिटवी ओरडते. सासूबाई म्हणतात अशुभ असतं. (नाशिक)

उत्तर: सासूबाईंना म्हणावं, वर बाळंतपण आहे! टिटवी घरटं बांधत नाही, गच्चीवरच्या खडीतच चार अंडी घालते, टोकं आत वळवलेली, आणि रंग असा की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. मांजर दिसलं, तुम्ही टाकी बघायला गेलात की आरडाओरडा. साधारण चार आठवडे वर जाणं कमी करा, आवाज निम्मा होईल. पिल्लं जन्मतःच पळतात पण उडता येत नाही, कठडा उंच असेल तर अडकतात. तेव्हा वनविभागाच्या 1926 नंबरला विचारून मगच हलवा. अंडी उचलून फेकणं मात्र 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न: एक छोटा पक्षी सकाळभर खिडकीच्या काचेवर टकटक करतो. (कोल्हापूर)

उत्तर: काचेत त्याला दुश्मन दिसतोय, स्वतःचाच. बाहेरून पेपर चिकटवा. आतून पडदा लावून उपयोग नाही, उलट काच आणखी आरसा होते. गाडीच्या आरशावर जुना सॉक्स चढवा, आमच्या सोसायटीत ह्या दिवसांत निम्म्या गाड्या सॉक्स घालून उभ्या असतात.