जहाजवाला पंतप्रधान आणि घरातला अबोला

ताई, तुमच्या पत्रात मुलाचे मार्क आहेत, नॉर्वेतले कोर्सेस आहेत, पुण्यातला मेडिकलचा एनआरआय कोटाही आहे. मी अडखळले ते मात्र एका वाक्याशी: ‘त्याने राजकारणाचं नाव काढल्यापासून हे त्याच्याशी बोलत नाहीत.’ पोरगा एका पक्षाच्या युवा शाखेत जातो, एनएचएच या बर्गनच्या बिझनेस स्कूलला शिकून धंदा करीन, पुढे राजकारणात उतरीन म्हणतो, आणि बाप जेवताना ‘त्याला भात हवाय का विचार’ असं तुमच्याकरवी विचारतो? स्पष्टच सांगते, हा निव्वळ हट्ट आहे आणि तो मुलाचा नाही. तुम्हीही मध्ये निरोप्या होणं बंद करा. राहिली डॉक्टरकी, तर एनआरआय कोट्यालाही नीट परीक्षा चुकत नाही आणि मुलाला ती द्यायचीच नाहीये.

आता नॉर्वेच्या एका जुन्या पंतप्रधानांबद्दल यजमानांचं म्हणणं: ‘ख्रिस्तियान मिशेलसन गडगंज जहाजमालक होता. आधी पैसा, मग राजकारण.’ बर्गनमध्ये राहून, त्यांच्या पुतळ्यावरून येजा करून असं म्हणावं? मिशेलसन व्यापारी घरातले खरे, पण शिकले कायदा. वकिली केली, जहाज कंपनी काढली, आणि धंदा सांभाळतच संसदेत गेले, बर्गनचे महापौरही झाले. धंद्यातली अडचणच राजकारणातली अडचण होती. नॉर्वेची जहाजं जगभर फिरायची, पण परदेशातले वाणिज्यदूत स्वीडनबरोबर सामाईक. स्वतःचे दूत नेमण्याच्या कायद्याला १९०५मध्ये दोन्ही देशांचे राजे ऑस्कर यांनी संमती नाकारली. पंतप्रधान मिशेलसन यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. राजाला दुसरं मंत्रिमंडळ मिळेना. मग ७ जूनला संसदेने ठराव केला, की राजा सरकार बनवू शकत नसल्याने त्याची राजसत्ता थांबली आहे, आणि म्हणून एका राजाखालचं स्वीडनशी असलेलं ऐक्यही संपलं. दोन देश वेगळे झाले ते जवळजवळ जाता जाता, ठरावातल्या एका पोटवाक्यात! अशी मेख तिजोरी भरून सुचत नाही, कायदा वाचलेला लागतो. या फारकतीवरच्या ऑगस्टच्या सार्वमतात विरोधात पडली अवघी १८४ मतं.

१९०७मध्ये पक्षांच्या कुरबुरींना कंटाळून हेच गृहस्थ पंतप्रधानपद सोडून गेले. हे चिरंजीवांनाही ऐकवा, त्यांना सध्या फक्त पुतळा दिसतोय.

तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, की तो बीबानेनच्या, म्हणजे बर्गनच्या ट्रामच्या, नव्या मार्गाचे नगरपालिकेचे कागद रात्री वाचत बसतो. अहो, तक्रार कसली? मला पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच वाटली. माझ्या मते त्याने ना मेडिकलला जावं, ना एनएचएचला. बर्गन विद्यापीठात पाच वर्षांचा कायद्याचा कोर्स आहे, तो आधी बघावा. राजकारणाची हौस नोकरी सांभाळून भागते. तिथले बहुतेक नगरसेवक तेच करतात.

प्रवेशअर्जाची मुदत १५ एप्रिल. तोवर वडिलांचा अबोला सुटला नाही, तरी अर्ज जाऊ द्या.