ई-सायकलची जादा बॅटरी सोबत न्यायला घरच्या घरी बॉक्स कसा बनवायचा?

तुम्ही विचारलंय की लांबच्या राईडला दुसरी बॅटरी सॅकमध्ये टाकून नेली तर चालेल का, की तिला वेगळा बॉक्स करावा. बॉक्स कराच. मी पण आधी सॅकमध्येच न्यायचो, टॉवेलात गुंडाळून, पान्यांच्या शेजारी. एकदा पुण्याहून भोरला जाऊन आलो आणि घरी काढून बघतो तर अ‍ॅलन कीचं टोक घासून घासून बॅटरीवरची निळी पीव्हीसी स्लीव्ह कोपऱ्याला फाटलेली, आत सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी चमकतेय. तीच की शेजारच्या पट्टीला पण टेकली असती तर काय झालं असतं हे घरी अजून सांगितलेलं नाही. बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) आहे की, असं म्हणू नका, बाहेरच्या वायरी शॉर्ट झाल्या तर बीएमएस सप्लाय तोडतं, पण सेलच्या पट्ट्यांवरच शॉर्ट झालं तर ते त्याच्या अलीकडेच होतं, तिथे ते काही करू शकत नाही.

माझी बॅटरी ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवरची, म्हणजे १८६५० आकाराचे (१८ मिलीमीटर जाड, ६५ मिलीमीटर लांब) ४० सेल, चार-चार पॅरलल जोडून असे १० गट सिरीजमध्ये. नुसते सेलच दोन किलोच्या आसपास. हे वजन डब्यात हलायला लागलं की प्रत्येक खड्ड्याला पट्ट्या सेलला जोडणाऱ्या स्पॉट वेल्डवर ताण येतो, त्यामुळे पडण्यापेक्षा मला गचक्यांची भीती जास्त वाटते (आपले रस्ते माहीतच आहेत). फोम मऊ असण्यापेक्षा बॅटरी त्यात घट्ट बसणं महत्त्वाचं.

बोहरी आळीतून प्लास्टिकचा साधा टूलबॉक्स आणला, बॅटरीपेक्षा सगळ्या बाजूंनी दोन-अडीच सेंटीमीटर मोठा. पहिल्यांदा आत थर्माकोल भरला होता, दोन राईडमध्ये त्याचे दाणे झाले आणि बॅटरी खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. मग मुलांच्या खोलीत टाकतात ती जाड ईव्हीए मॅट पेपर कटरने कापून रबर सोल्युशनने सहाही बाजूंना चिकटवली, झाकणाला पण. सोल्युशनचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे एक दिवस तरी, बॅटरी आत ठेवू नका. झाकण थोडं दाबूनच लागलं पाहिजे. लावल्यावर बॉक्स उलटा करून कानाशी जोरात हलवायचा, टक् आवाज आला तर अजून एक पट्टी घाला.

बॅटरी नुसत्या स्लीव्हची असेल, कडक केस नसेल, तर फोमच्या आधी तिला लेदरॉइड पेपर गुंडाळा. मोटार वाइंडिंगवाल्याकडे मिळतो, स्लॉटमध्ये घालतात तो, चिवट असतो आणि करंट पास होत नाही. कनेक्टरला टोपी घालाच. माझा एक्सटी६० आहे, त्याचं रबरी कव्हर मिळतं. चार्जिंगचं तोंड लोक विसरतात, त्यावर पण टोपी किंवा निदान टेप लावा, कारण फुल चार्जला आत ४२ व्होल्ट असतात. किल्ल्या, पाने, सुट्टे पैसे यातलं काहीही त्या बॉक्समध्ये नको, जागा उरली तरी.

एअरटाइट डबा वापरू नका, मग तो कितीही भारी असो. सेल बिघडला तर गॅस सोडतो, त्याला वाट हवी. मी झाकणाच्या ओठाखाली दोन्ही बाजूंना ६ मिलीमीटरची तीन-तीन भोकं पाडलीयेत, वरून पाऊस थेट आत जात नाही, आणि जोराचा पाऊस असेल तर बॉक्सवर पॅनियरचं (कॅरियरला लटकवायच्या बॅगेचं) रेनकव्हर सैलसर टाकतो. पण हा बॉक्स आग अडवणारा नाही हे लक्षात ठेवा. बॅटरी फुगली असेल, गरम होत असेल किंवा जोरात आपटली असेल तर तिला कुठल्याच बॉक्समध्ये घालून सोबत नेऊ नका.

बॉक्स पाठीवर नको, पडलात तर दोन-अडीच किलोचा दगड मणक्यावर. मी मागच्या कॅरियरला दोन नायलॉन बेल्टनी आवळतो, मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा. उन्हाळ्यात चहाला थांबलो की बॉक्स काढून सावलीत घेतो, बंद गाडीत तर अजिबात सोडत नाही. आणि विमानाने नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे एअरलाइनच्या परवानगीनेसुद्धा १६० वॉट-अवरपर्यंतच चालतं, ही ३६० ची (३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-अवर) आहे.

घरी आल्यावर बॅटरी गरम लागत असेल तर आधी थंड होऊ द्या, आणि चार्जिंग नेहमी बॉक्समधून बाहेर काढूनच करा.